पाठीतली सुई, कमरेखालची भूल

"त्या इंजेक्शननं माझी कंबर गेली ती गेलीच." उल्हासनगरच्या पाच कॅम्पांपासून अंबरनाथच्या चाळींपर्यंत आणि पुढे कुळगाव-बदलापूरच्या नव्या सोसायट्यांपर्यंत हे वाक्य कुठंही ऐकायला मिळतं. सांगणारी बहुधा सिझेरियन झालेली बाई असते आणि ऐकणारी सातव्या-आठव्या महिन्यातली सून किंवा भाची. पुरुषांच्या हर्नियाची, मूळव्याधीची किंवा प्रोस्टेटच्या ऑपरेशनची तारीख ठरली की तीच भीती वेगळ्या शब्दांत येते: "मणक्यात सुई मारतात म्हणे. जरा हुकली तर पाय जायचे." सांगणाऱ्याच्या मनात काळजीच असते, म्हणून ऐकणाऱ्याच्या मनात ते खोल बसतं. मग माणूस ऑपरेशनच्या टेबलावर पोचतो तेव्हा सर्जनचं नाव त्याला पाठ असतं, पण भूल देणाऱ्या डॉक्टरचं नाव त्यानं ऐकलेलंही नसतं.

कमरेखालच्या भुलीत सांभाळण्यासारख्या गोष्टी आहेत आणि त्या रुग्णाला आधी कळायला हव्यात. पण त्यांतल्या बहुतेक सुईच्या टोकाशी नसतात. सुईनंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत, रुग्णानं आदल्या दिवशी काय सांगितलं किंवा लपवलं यात, आणि त्या वेळी उशाशी कोण उभं आहे यात त्या असतात. भीती एका जागी आणि धोका दुसऱ्याच जागी, अशी ही गत आहे.

सुई जाते कुठं, तिथून सुरुवात करू. पाठीच्या कण्याच्या पोकळीतून मेरुरज्जू खाली येतो. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो. त्याखाली उरतो तो सुट्या मज्जातंतूंचा, घोड्याच्या शेपटीसारखा झुपका. तो मेरुद्रव नावाच्या स्वच्छ पाण्यात तरंगत असतो. भूलतज्ज्ञ कमरेच्या दोन्ही बाजूंची हाडं बोटांनी चाचपतात. त्या हाडांना जोडणारी आडवी रेघ चौथ्या मणक्याजवळून जाते, आणि त्या खुणेवरून तिसऱ्या-चौथ्या मणक्यांमधली किंवा तिच्या जवळची फट निवडली जाते. म्हणजे सुई हाडात शिरत नाही, दोन हाडांमधून जाते, आणि मेरुरज्जू जिथं संपलेला असतो त्याच्याही खाली जाते. समोर आलेले सुटे तंतू पाण्यात तरंगत असल्यानं बारीक सुईच्या वाटेतून सहसा बाजूला सरकतात.

सुई खरोखरच बारीक असते. हल्ली वापरात असलेल्या २५ ते २७ नंबरच्या सुईची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी भरते. लांबी बघून माणसं घाबरतात, पण लांबी लागते ती कातडी, चरबी आणि मणक्यांमधले बंध पार करायला. आधी कातडी बधिर करण्याचं छोटं इंजेक्शन दिलं तर तेवढंच चुरचुरतं. रुग्णाला टेबलाच्या कडेला बसवतात किंवा कुशीवर झोपवतात. "हनुवटी छातीला लावा, खांदे सैल सोडा, पाठ बाहेर काढा" असं सांगतात. पाठ गोल झाली की मणक्यांमधल्या फटी उघडतात. या वेळी हलायचं नाही, एवढी एकच गोष्ट रुग्णाच्या हातात असते. कळ आली, पायात विजेसारखी चमक गेली, तर अंग झटकू नये, तोंडानं सांगावं. डॉक्टर सुई थांबवतात, थोडी मागे घेतात, दिशा बदलतात.

सुईच्या मागच्या टोकाशी मेरुद्रवाचे थेंब दिसले की जागा बरोबर आहे हे कळतं. "पाठीतलं पाणी काढलं" असं जे नंतर सांगितलं जातं ते हेच, दोन-चार थेंब. मग औषध जातं, बहुतेक ठिकाणी बुपिव्हाकेन. स्वीडनमध्ये १९५७ साली तयार झालेलं हे औषध आज साऱ्या जगात वापरतात. ग्लुकोज मिसळून ते मेरुद्रवापेक्षा जड केलेलं असतं, म्हणून टेबल ज्या बाजूला कलेल त्या बाजूला ते उतरतं. मूळव्याधीच्या ऑपरेशनआधी रुग्णाला काही मिनिटं बसवून ठेवतात, ते औषध खाली बैठकीच्या तंतूंशी उतरावं म्हणून. लागतं किती? साधारण दोन ते तीन मिलिलिटर, चहाचा अर्धा चमचा. एवढ्याशा औषधानं छातीच्या खालच्या भागापासून तळपायापर्यंत माणूस दोन-तीन तास बधिर राहतो.

पहिली जाणीव ऊबेची असते. तळपाय गरम होतात, मग मांड्यांना मुंग्या येतात, मग पाय जड होतात आणि उचलायला गेलं तर उचलत नाहीत. नेमक्या या क्षणी पुष्कळ जण घाबरतात. कारण ज्या "पाय जाण्या"ची धास्ती घेऊन ते आले असतात तेच घडल्यासारखं वाटतं. पाय हलणार नाहीत, हे आधी कुणी सांगितलेलं असेल तर ती पाच मिनिटं सोपी जातात. भूल किती वर चढली हे डॉक्टर स्पिरिटचा थंड बोळा लावून किंवा हलकं टोचून बघतात. रुग्णाची खात्री पटल्याशिवाय चाकू लागत नाही.

आता ती पंधरा-वीस मिनिटं.

रक्तवाहिन्यांना ताणून धरणारे तंतूही या औषधानं गप्प होतात. वाहिन्या सैलावतात, रक्त पायांकडं साठतं आणि बीपी उतरतो. रुग्णाला मळमळतं, जांभया येतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढं अंधारी येते. रिकाम्या पोटी मळमळ कशी, असा विचार करत गप्प पडून राहू नये, लगेच सांगावं. अशा वेळची मळमळ ही बऱ्याचदा उतरत्या बीपीची खूण असते. सलाईनचा वेग वाढवतात, बीपी चढवणारं औषध शिरेतून देतात आणि मिनिटभरात बरं वाटू लागतं. गरोदर बाईत हे जास्त होतं. उताणं झोपल्यावर गर्भाशयाचं वजन पोटातल्या मोठ्या शिरेवर पडतं, म्हणून तिला थोडं डाव्या कुशीकडं कलतं ठेवतात. क्वचित औषध जास्तच वर चढतं. बोटांना मुंग्या येतात, श्वास अपुरा वाटतो, आवाज बारीक होतो. त्या वेळी ऑक्सिजन आणि श्वासनळीत नळी घालण्याची तयारी हाताशी असावी लागते आणि ती वापरता येणारा माणूसही. कमरेखालच्या भुलीचा खरा धोका असलाच तर तो इथं आहे. ज्याचं लक्ष मॉनिटरवर आणि रुग्णाच्या चेहऱ्यावर आहे असा भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत खोलीत असेल तर तो निभावून नेता येतो.

ऑपरेशनभर माणूस जागा असतो. हिरव्या पडद्यापलीकडची बोलणी, हत्यारांचा आवाज, एसीची थंडी, सगळं कळतं. थरथरही सुटते आणि ती निरुपद्रवी असते. कापलेलं कळत नाही, ओढलेलं मात्र कळतं. सिझेरियनमध्ये बाळ बाहेर काढताना पोटावर जोर देतात. तो दाब, ती ओढाताण बाईला स्पष्ट जाणवते. दुखणं वेगळं आणि जाणवणं वेगळं हे आधी माहीत नसेल तर "भूल चढलीच नाही" असं वाटून तिचा जीव अर्धा होतो. खरोखर दुखत असेल तर मात्र सोसायचं कारण नाही. शंभरात एखाद्या वेळी ही भूल अपुरी पडते. मग पुन्हा देतात किंवा पूर्ण भूल देतात. "कमरेखालचीच तर आहे" म्हणून सकाळी चहा-बिस्किट खाऊन येणं धोक्याचं ते यासाठीच. जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, असा सर्वसाधारण नियम आहे आणि तो याही भुलीला लागू आहे.

या भुलीची पहिली तक्रार खुद्द तिच्या जनकानंच नोंदवून ठेवली आहे. जर्मनीतल्या कील शहरात १६ ऑगस्ट १८९८ रोजी डॉ. ऑगस्ट बीअर यांनी घोट्याच्या क्षयानं आजारी असलेल्या एका ३४ वर्षांच्या मजुराच्या पाठीत १५ मिलिग्रॅम कोकेन टोचलं आणि त्याच्या पायावर शस्त्रक्रिया केली. रुग्णांना उलट्या आणि डोकेदुखी का होते हे समजून घ्यायचं म्हणून आठवड्यानंतर बीअर यांनी स्वतःवरच प्रयोग करवून घेतला. सहायक डॉ. हिल्डेब्रांट यांच्या हातची सिरिंज सुईला नीट बसेना आणि बरंचसं मेरुद्रव वाहून गेलं. मग बीअर यांनी हिल्डेब्रांट यांना टोचलं, नडगीवर हातोडीनं मारलं, जळती सिगार टेकवली. हिल्डेब्रांट यांना काही कळलं नाही. नंतर मात्र दोघंही आजारी पडले. बीअर नऊ दिवस अंथरुणाला खिळले. उठून बसलं की डोकं ठणके, आडवं झालं की थांबे.

आजही या डोकेदुखीची ओळख तीच आहे. सुईच्या भोकातून मेरुद्रव झिरपत राहतं, त्याचा दाब कमी होतो, म्हणून उभं राहिलं की डोकं धरतं. ती बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होते आणि तरुण बाळंतिणींना जास्त होते. सुया बारीक होत गेल्या. १९५१ साली अमेरिकेत बोथट निमुळत्या टोकाची, "पेन्सिल पॉइंट" सुई आली. ती पडदा कापण्याऐवजी त्याचे धागे बाजूला सारत जाते. अशा सुईनं ही डोकेदुखी शंभरात एखाद्याला होते, काही ठिकाणी त्याहूनही कमी. "माझ्यासाठी कुठली सुई वापरणार?" असं भूलतज्ज्ञाला विचारायला काहीच हरकत नाही. डोकेदुखी झालीच तर पाणी, चहा-कॉफी, वेदनाशामक गोळ्या आणि विश्रांतीनं ती बहुधा आठवडाभरात जाते. नाहीच गेली तर रुग्णाच्याच हातातून १५-२० मिलिलिटर रक्त घेऊन पाठीत सुईच्या भोकाजवळ सोडतात. ते गोठून गळती थांबते, आणि कित्येकांना काही तासांतच उतार पडतो.

चोवीस तास उशी न घेता सपाट पडून राहण्याची आपल्याकडची शिस्त या डोकेदुखीवरचा उपाय म्हणून रूढ झाली. आतापर्यंतच्या अभ्यासांत तिचा तसा उपयोग दिसलेला नाही. पायांत जोर येईपर्यंत आणि बीपी स्थिर होईपर्यंत झोपून राहणं वेगळं, ते करायलाच हवं. पण ताज्या बाळंतिणीला दिवसभर मान न उचलू देणं आणि त्यापायी बाळाला पाजताना तिची तारांबळ करणं हे टाळता येण्यासारखं आहे.

पाय कायमचे जाण्याच्या भीतीमागंही एक खरी घटना आहे. इंग्लंडमधल्या चेस्टरफील्डच्या रुग्णालयात १३ ऑक्टोबर १९४७ रोजी वुली आणि रो या दोघांच्या साध्या शस्त्रक्रिया याच भुलीखाली झाल्या आणि दोघांचे पाय कायमचे लुळे पडले. खटला गाजला, १९५४ साली अपिलातही ते हरले. औषधाच्या काचेच्या कुप्या फिनॉलमध्ये बुडवून ठेवत आणि न दिसणाऱ्या तड्यांतून ते आत शिरलं, असं कोर्टानं धरलं. पुढच्या अभ्यासकांनी निर्जंतुकीकरणाच्या भांड्यात राहून गेलेल्या आम्लाकडं बोट दाखवलं. दोन्हींत सुई हुकल्याची गोष्ट नव्हती, पण ब्रिटनमध्ये ही भूल कित्येक वर्षं मागं पडली. त्याच १९५४ साली अमेरिकेत ड्रिप्स आणि वॅन्डॅम यांनी दहा हजारांवर भुलींचा दीर्घकाळ पाठपुरावा करून प्रसिद्ध केला. त्यात पाय लुळे पडण्यासारखी गंभीर इजा एकालाही झालेली आढळली नव्हती. ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनं २००९ साली मांडलेल्या पाहणीत सात लाखांहून अधिक पाठीतल्या भुलींचा हिशेब होता. प्रत्येक शंकास्पद प्रसंग भुलीच्याच माथी मारला तरी पक्षाघात किंवा मृत्यूचं प्रमाण साधारण ५४ हजारांत एक एवढं निघालं. हा आकडा शून्य नाही. पण चांगल्या निर्जंतुकीकरणात, प्रशिक्षित हातांत तो एवढा लहान होतो.

आता कंबर. सुईच्या जागी दोन-चार दिवस ठणकतं, हे खरं. वर्षानुवर्षं दुखणाऱ्या कंबरेचं खापर मात्र या सुईवर फोडता येत नाही. बाळंतपणात पाठीत भूल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत दीर्घकाळच्या पाठदुखीत फरक दिसलेला नाही. गरोदरपणात सांध्यांचे बंध सैल होतात, पोटाच्या भारानं पाठीचा बाक वाढतो. त्यानंतर वाकून बाळाला पाजणं, उचलणं, पाण्याच्या बादल्या, लोकलचा उभ्यानं प्रवास आणि अपुरी झोप येते. या बायांचं दुखणं खरं आहे आणि त्याला उपचारही आहेत: व्यायाम, बसण्याची योग्य पद्धत, रक्तातल्या कमतरतांची तपासणी. "इंजेक्शनमुळं आहे, आता काय करणार" असं म्हणून ते सोडून दिलं की उपचार राहून जातो. या गैरसमजाचं खरं नुकसान हे आहे, आणि ते हजारो बाया मुकाट्यानं सोसतात.

पूर्ण भूल वाईट आणि कमरेखालची चांगली, असंही नाही. खुब्याचं हाड मोडलेल्या १,६०० रुग्णांवर अमेरिका-कॅनडात झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साठ दिवसांनंतर दोन्ही गटांत जगण्या-चालण्याचं प्रमाण सारखंच निघालं. निवड रुग्णाकडं बघून होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, सुईच्या जागी जंतुसंसर्ग असेल, फार रक्तस्राव झालेला असेल, हृदयाची झडप फार आकसलेली असेल तर ही भूल टाळतात. पावसाळ्यात या पट्ट्यात डेंगीचे रुग्ण वाढतात. अंगात ताप असताना आणि प्लेटलेट्स उतरलेल्या असताना ऑपरेशनची वेळ आली तर ते भूलतज्ज्ञाला आधी कळलंच पाहिजे. नाहीतर सुईच्या जागी रक्त साचून तंतूंवर दाब येऊ शकतो. स्टेंट बसवलेल्यांनी गोळ्या आपल्या मनानं बंद करू नयेत. कुठली, किती दिवस आधी थांबवायची हे भूलतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ मिळून ठरवतात.

हे सगळं बोलायचं केव्हा, हाच इथला खरा प्रश्न. विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंत छोट्या नर्सिंग होमची रांग आहे आणि त्यांतल्या बहुतेकांकडं पगारी भूलतज्ज्ञ नसतो. बोलावलेला डॉक्टर आपली पेटी घेऊन एका ठिकाणचं ऑपरेशन आटोपून दुसरीकडं पोचतो. रुग्णाची आणि त्याची पहिली भेट टेबलापाशीच होते. सरकारी बाजूला कॅम्प तीनमधलं मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचं छाया रुग्णालय, बदलापूरचं ग्रामीण रुग्णालय अशी साखळी आहे. अवघड रुग्ण पुढं कळव्याला किंवा मुंबईला जातो. भूलतज्ज्ञांचा तुटवडा हे महाराष्ट्रातल्या तालुक्यांचं जुनं दुखणं आहे. तो भरून काढायला केंद्रानं एमबीबीएस डॉक्टरांना तातडीच्या प्रसूतींपुरतं भुलीचं १८ आठवड्यांचं प्रशिक्षण देण्याची योजनाही काढली. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यांत अंबरनाथचं एक आहे. वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की भूलशास्त्राचा विभाग आलाच. तो नीट उभा राहिला तर रुग्णाला आदल्या दिवशी ओपीडीत बसून मराठीत, सिंधीत, हिंदीत प्रश्न विचारायची सोय याच पट्ट्यात होऊ शकेल.

तोवर रुग्णानं आणि घरच्यांनी ती भेट मागून घ्यावी. सर्जनला सरळ म्हणावं, "भूल देणाऱ्या डॉक्टरांशी पाच मिनिटं बोलायचंय." त्या पाच मिनिटांत चालू गोळ्या, जुनी ऑपरेशनं, दमा, बीपी, साखर, ॲलर्जी, तंबाखू, दारू, पाठीचा जुना आजार यांतलं काहीही लपवू नये. भूलतज्ज्ञ ऑपरेशन संपेपर्यंत थांबणार ना, हेही विचारावं. संमतीपत्रावर सही करण्याआधी त्यातला भुलीचा भाग वाचून घ्यावा. वाचता येत नसेल तर आपल्या भाषेत समजावून मागावा.

भूल उतरते तेव्हा आधी अंगठे हलतात, मग गुडघे. संवेदना परत येण्याबरोबर दुखणंही येतं. म्हणून ते वाढण्याआधीच गोळी किंवा इंजेक्शन मागून घ्यावं. पहिल्यांदा उठताना एकट्यानं उठू नये, पाय लटपटतात. लघवी काही तास अडू शकते. सहा-आठ तासांत झाली नाही, ओटीपोट तटतटलं तर नर्सला सांगावं. घरी गेल्यावर बसलं की वाढणारी डोकेदुखी, ताप आणि मान आखडणं, पाठीत वाढत जाणारं तीव्र दुखणं, एकदा जोर आलेल्या पायात पुन्हा कमजोरी किंवा बधिरपणा, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नये. विशेषतः पायातली नवी कमजोरी. मणक्यात रक्त साचलं असेल तर एमआरआय आणि शस्त्रक्रिया काही तासांतच व्हावी लागते. ती सोय असलेलं सर्वांत जवळचं रुग्णालय कुठलं आणि रात्री कुठल्या नंबरवर फोन करायचा, हे दोन्ही डिस्चार्ज कार्डावर लिहून घेतल्याशिवाय वॉर्ड सोडू नये.